मुरगळलेला पाय

"रणपिसे, मगदूमची पोरगी एवढी पळते?"

आरबोळे सर आमचे मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, टेबलावरचं पत्र माझ्याकडे फिरवलं आणि गालातल्या गालात हसले. पत्र जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयातून आलं होतं. शाळांनी जानेवारीत पाठवलेल्या शारीरिक चाचणीच्या नोंदींवरून त्यांनी चौदा वर्षांखालच्या पंधरा मुली निवडल्या होत्या. शनिवारी सकाळी आठ वाजता जिल्ह्याच्या मैदानावर त्यांची फेरचाचणी होती आणि त्यातून पाच जणी सरकारी क्रीडा वसतिगृहात जाणार होत्या. दुसऱ्या क्रमांकावर टाइप केलं होतं: कु. हेमलता भूपाल मगदूम, आठवी ब, पन्नास मीटर धावणे, सात पूर्णांक तीन सेकंद.

मी ते नाव दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही.

"अहो, बोला की. शाळेच्या चाळीस वर्षांत जिल्ह्यावरून असलं पत्र पहिल्यांदा आलंय."

"सर, ती पळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पळतच नाही. पायरीवर बसते. लहानपणी तिला सांधेताप झाला होता, त्यात हृदयाची झडप कमजोर झाली. दोन वर्षांत ती एकदासुद्धा मैदानात उतरलेली नाही."

आरबोळे सर उठले, दार लावलं, परत येऊन बसले. हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"मग हे सात पूर्णांक तीन कुठून आलं?"

"मी लिहिलं."

"आणि बाकीच्या पोरांचं?"

उत्तर त्यांना आधीपासून ठाऊक होतं. चाचणी न घेता वही भरते, हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं.

"प्रत्येक पानाखाली माझी सही आहे, रणपिसे," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी शिक्षणाधिकारी तुमच्या नोकरीच्या मान्यतेची फाईल बघायला येतायत. फाईलच्या शेजारी हीच वही ठेवावी लागणार. तुम्हाला खरं बोलायचं असेल तर मी अडवणार नाही. पण मग अकरा तुकड्यांची वही खोटी, माझी सही खोटी, आणि तुमची नोकरी... ती तर अजून लागलेलीच नाही."

"मग शनिवारी काय करू?"

"ते क्रीडाशिक्षकानं मुख्याध्यापकाला विचारायचं असतं होय?"

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्ही मला नुसता चोर समजाल. चोर होतोच, पण साधा नव्हतो.

मी पाचवी ते दहावीच्या अकरा तुकड्यांना शारीरिक शिक्षण शिकवायचो. शाळा वारणेच्या काठची. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझे विद्यार्थी राहतात. पाचवीची पोरं शिट्टी वाजली की पळायची, पण प्रत्येक जण वेगळ्या दिशेला. सहावी-सातवीला खो-खो शिकवावा तर खो देण्याऐवजी एकमेकांना ढकलून द्यायची आणि वर 'सर, यानं मारलं' म्हणून रडत यायची. आठवीपासून मुली घरून चिठ्ठ्या आणायला लागायच्या. नववीच्या मुलांना मिसरूड फुटायचं आणि हाफ पँट घालायची लाज वाटायला लागायची. दहावीचा तर माझा तास वेळापत्रकात होता, एवढंच. तो गणिताच्या मास्तरांनी जूनमध्येच गिळलेला असायचा. राहिलेल्या तासांत कवायत, झेंडावंदन, प्रभातफेरी आणि पाहुणे आले की लेझीम. आणि एवढ्या सगळ्यांची वर्षातून दोनदा चाचणी घ्यायची: पळणं, लांब उडी, बैठका, वाकणं, आणि प्रत्येकाचा आकडा वहीत. पाचशे सत्तर पोरं, एक स्टॉपवॉच, आणि मैदान म्हणाल तर तिरकं पळालं तरच पन्नास मीटर भरायचं.

त्यामुळे आमच्या धंद्यात एक रीत पडून गेली होती. प्रत्येक वर्गातली आठ-दहा पोरं खरोखर पळवायची, त्यांचे आकडे घ्यायचे, आणि बाकीच्यांना मग मापानं वाटून द्यायचे. जाड पोराला थोडे जास्त सेकंद, काटकुळ्याला थोडे कमी. दुसरी चाचणी जानेवारीत. तिच्यात सुधारणा दिसलीच पाहिजे, नाहीतर मास्तरनं वर्षभर काय केलं? म्हणून सगळ्यांचा अर्धा सेकंद कापायचा. ही वही कोणी वाचत नाही, हे मला आधीच्या मास्तरनं पदभार देताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खरं तर त्यानं फक्त एवढंच शिकवलं.

हेमाची रीतसर सूट घ्यायची तर सिव्हिल सर्जनचा दाखला लागायचा. तो कोणी आणला नव्हता आणि वहीत रकाना मोकळा चालत नव्हता. ऑगस्टमधली गोष्ट. मी पायरीवर बसून आठवी ब भरत होतो, शेजारी ही बसलेली.

"सर, माझ्याम्होरं काय लिवताय?"

"तू सांग. काय लिहू?"

"पयला नंबर लिवा की. फुकटच हाय न्हवं?"

ती हसली, मीही हसलो. बाकीच्या पोरी धावताना ती ज्या नजरेनं बघायची ते मी दोन वर्षं बघत होतो. म्हटलं, चल पोरी, कागदावर तरी पळ. सात पूर्णांक नऊ लिहून टाकलं. जानेवारीत अर्ध्याऐवजी सहा दशांश सुटले आणि सात पूर्णांक तीन झालं. असे आम्ही दोघं जिल्ह्यात दुसरे आलो.

तर ते पत्र आलं त्या संध्याकाळी मी भूपाल मगदूमच्या पिठाच्या गिरणीत गेलो. मनाशी हिशेब सोपा होता. बाप म्हणेल, माझ्या आजारी पोरीला शर्यतीला नेता, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हणेन, मग एका ओळीचं नकाराचं पत्र द्या. ते पत्र जिल्ह्याला जाईल आणि मी सुटेन.

भूपालआण्णा डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे. मला बघून त्यांनी पट्टा उतरवला, पोत्यावर फडकं झटकलं.

"या सर, बसा. हेडमास्तर आत्ताच येऊन सांगून गेलं. पेढं वाटायचं म्हनत हुतं."

आरबोळे सर माझ्या आधीच तिथं पोचले होते. माणूस पन्नाशी उलटलेला, पण सायकलवर चपळ होता.

"आण्णा, हेमाच्या तब्येतीचं काय? डॉक्टरांनी पळायला मनाई केलीय ना?"

"हुती की मनाई." आण्णा माझ्यासमोर उकिडवे बसले. "खरं सांगू का सर, म्या दिवाळीपर्यंत भ्यालेलाच हुतो. दर एकवीस दिसाला सुई, त्यो ताप फिरून येऊ नये म्हनून. तालुक्याला न्यायचं, दोन दिस पोरगी बसू शकायची न्हाई, रडायची. मग सहामाहीचं प्रगतीपुस्तक आलं. त्यात तुमी लिवल्यालं, पन्नास मीटर, सात पूर्नांक नऊ. तिला इचारलं, पळतीस व्हय गं शाळंत? तर मान हलिवली. म्हटलं, देवानं बघितलं. जी पोरगी वर्गात पयली पळतीया, तिला सुई कशाला?"

"मग?"

"मग बंद केली. दिवाळीपासनं एक न्हाई."

"डॉक्टरांना विचारून?"

"डाक्टर काय, न्हाईच म्हननार. त्याला रोज सुया टोचायच्यात." ते हसले. "पर तुमी शिकल्यालं मास्तर. घड्याळ लावून लिवताय. तुमच्यावर इस्वास ठेवला."

प्रगतीपुस्तकात धावण्याचे सेकंद छापायची हौस आरबोळे सरांची. पण ते सेकंद माझे होते. त्याच क्षणी, त्या पोत्यावर बसल्या बसल्या, मी तोंड उघडायला हवं होतं. आण्णा, ते खोटं आहे, उद्या सकाळी पोरीला घेऊन दवाखान्यात जा, एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली ती तिकडेच होती. पोरगा रांगायला लागला तरी सासरे म्हणत, 'मान्यता येऊ द्या, मग पाठवतो.' तीन वर्षं मी त्या शुक्रवाराची वाट बघत होतो. मी म्हणालो, "शनिवारी सहाच्या एसटीनं निघू."

बाहेर आलो तर हेमा गिरणीच्या भिंतीला टेकून उभी. सगळं ऐकलेलं तिनं.

शनिवारी जिल्ह्याच्या मैदानावर पोचलो तर पांढऱ्या फक्कीनं आठ पट्टे आखलेले, तंबू, टेबल, पाण्याचं पिंप. हेमानं नवीन कॅनव्हासचे बूट घातले होते. आण्णांनी आदल्या दिवशी आणलेले. ती पट्ट्यांकडे बघत होती. मी रस्त्यात सगळं ठरवून ठेवलं होतं. तिला तंबूच्या मागे नेलं.

"हेमा, तू पळायचं नाहीस."

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? तुला माहीत आहे."

"म्या पळून बघितलंय, सर. दोनदा, गिरणीच्या मागं. कायबी झालं न्हाई. जरा धाप लागली, तेवढंच."

"इथं नाही पळायचं. मी सांगणार, येताना एसटीतून उतरताना पाय मुरगळला. तू लंगडायचं."

तिनं माझ्याकडे बघितलं. तेरा वर्षांच्या पोरीनं मास्तरकडे तसं बघू नये.

"कुठल्या पायानं लंगडू?"

"डाव्या."

टेबलावर वाघमोडे नावाचे अधिकारी होते, भारदस्त मिशांचे, अंगात निळा ट्रॅकसूट. मी हेमाला घेऊन तिकडे गेलो, तर माझ्या पुढे रांग होती. एका शाळेचे मास्तर, त्यांच्या दंडाला धरून लंगडणारी मुलगी. त्यांच्या पुढे एक बाई, त्यांची मुलगी पोट धरून वाकलेली. त्यांच्याही पुढे आणखी एक लंगडी. मास्तर लोक एकमेकांकडे बघत नव्हते. ज्याला त्याला आपापल्या पोरीच्या पायाची अचानक काळजी पडली होती.

माझा नंबर आला.

"काय झालं?" वाघमोडेंनी मान वर न करता विचारलं.

"पाय मुरगळला, साहेब. उतरताना."

"डावा?"

"डावा."

"पंधरा पोरी. त्यातल्या सात जणींचे पाय आज सकाळीच मुरगळलेत. आणि सातही डावे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "रणपिसे ना तुम्ही? बी.पी.एड. कुठल्या सालचे? मीही कधीतरी शाळेत होतो हो. वही भरायची तर आकडा जरा बेताचा टाकावा, असं तुम्हाला कोणी शिकवलं नाही का?"

मागच्या रांगेतून कोणीतरी खोकलं. मला वाटलं, आता हे वर कळवणार, आणि खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. कोणीतरी बाहेरून येऊन हे सगळं मोडून टाकेल तर निदान मला मोडावं लागणार नाही.

पण वाघमोडेंनी नावापुढे फुली मारली. "अनुपस्थित," असं लिहिलं आणि म्हणाले, "पुढचे."

"साहेब, मी हाय की इथं," हेमा म्हणाली.

"असू दे, बाळ. लंगडत जा आता सावलीत."

ती लंगडत गेली. उरलेल्या सात जणी धावल्या, त्यांना तिनं शेवटपर्यंत बघितलं. पहिली आलेली पोरगी आठ पूर्णांक दोनमध्ये आली. हेमा आपल्या कोऱ्या बुटांकडे बघत म्हणाली, "ह्यापेक्षा म्या बरी पळाली असती."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी, मी शेजारी. अर्धा रस्ता गेल्यावर मी म्हणालो, "हेमा, आण्णांना सांगावं लागेल. तुझी सुई बंद आहे ती माझ्या आकड्यामुळे."

"सांगू नका, सर."

"अगं..."

"तुमी सांगितलं तर सुई परत सुरू. आनि तुमची नोकरी जाईल. ती अजून पक्की न्हाई, हेडमास्तर आण्णांशी बोलत हुतं तवा ऐकलंय म्या. मीबी सांगत न्हाई, तुमीबी सांगू नका. फिटंफाट."

सौदा पोरीनं मांडला होता आणि पटणारा होता. सगळ्यांचं भलं होत होतं, फक्त तिच्या काळजाचं सोडून. मी सहा दिवस मोजले. शुक्रवारी सही झाली की त्याच संध्याकाळी आण्णांना सांगायचं, असं मी स्वतःला वचन दिलं. स्वतःला दिलेलं वचन फार स्वस्त असतं. देणारा आणि घेणारा दोघंही सवलत द्यायला तयार असतात.

गावच्या स्टँडवर आण्णा सायकल घेऊन उभे होते.

"कितवा नंबर?"

"पाय मुरगळला, आण्णा," मी म्हणालो. "पळताच आलं नाही."

त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "असू दे. पाय हाय, बरा हुईल. पुढल्या साली बघू." त्यांनी पोरीला कॅरिअरवर बसवलं आणि मला चहाला चला म्हणून दोनदा आग्रह केला.

सोमवारी, मंगळवारी ती शाळेत लंगडत आली. चोख लंगडत होती. मी मनात म्हटलं, पोरगी नाटकात घ्यायच्या लायकीची आहे. बुधवारी मी सातवीचा खो-खो घेत होतो, तेव्हा ती व्हरांड्यातून चालत आली आणि माझ्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली.

ती उजव्या पायानं लंगडत होती.

पोरांना खांबाला शिवून यायला सांगितलं आणि मी तिच्याजवळ गेलो. "हेमा, पाय चुकला तुझा. आणि आता पुरे हे नाटक."

"नाटक न्हाई, सर."

तिनं परकराची किनार वर केली. घोटा लाल, चकचकीत, सगळाच सुजलेला. त्यावर आंबेहळदीचा लेप वाळून तडकला होता. मी हात लावला, तर तव्यासारखा तापलेला.

"ताप आहे?"

"रातच्याला येतोय. आण्णा म्हनत्यात, मुरगळल्याल्या पायाला आराम दिला म्हनून भार दुसऱ्यावर आला, त्यो भरला. चार दिसांत उतरंल."

आण्णांचं काय चुकलं? पाय मुरगळला हे मास्तरनं सांगितलं होतं. जगात दोनच माणसांना माहीत होतं की कुठलाच पाय कधी मुरगळला नव्हता. त्यातली एक तेरा वर्षांची होती आणि थंडीनं कुडकुडल्यासारखी उभी होती, भर दुपारी.

"सर, ह्ये तसलंच हाय," ती म्हणाली. "लहानपनी झालं हुतं तसलं. पयला घसा दुखतोय, मग सांधा. आता मला भ्या वाटतंय. आण्णांना सांगायचं का?"

तिनं सौदा मोडला होता. मला मोकळं केलं होतं. 'हो' म्हणायचं, नाहीतर सायकल काढायची, एवढंच माझ्या वाट्याला उरलं होतं. गिरणी पाच मिनिटांवर होती.

मी म्हणालो, "शुक्रवारपर्यंत थांब. दोन दिवस. मग मी स्वतः येऊन सांगतो."

ती थांबली. सरांनी सांगितलं म्हणून थांबली. शिट्टी वाजली की थांबायचं, पुन्हा वाजली की चालायचं, हेच तर मी पाचवीपासून शिकवत आलो होतो.

गुरुवारी ती शाळेत आली नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी साडेअकराला शिक्षणाधिकारी आले. पोरांनी लेझीम केलं, साहेबांनी पोहे खाल्ले, दुपारी फाईल उघडली. वहीची त्यांनी दोन पानं उलटली. "नोंदी व्यवस्थित आहेत," म्हणाले. साडेतीन वाजता सही झाली. आरबोळे सरांनी माझा हात हातात घेऊन दाबला, पण त्यांच्या नजरेला नजर न देता मी सायकल काढली आणि जन्मात मारले नव्हते तसे पॅडल मारले.

गिरणीत आण्णा एकटेच होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. वही, आकडा, पायरी, डावा पाय. पट्टा घरघरत होता म्हणून ओरडून सांगावं लागलं. आण्णांनी गिरणी बंद केली. त्या शांततेत माझा आवाज उगाच मोठा झाला.

"एकदाबी पळाली न्हाई?" त्यांनी विचारलं.

"एकदाही नाही."

"म्हंजे पाय..."

"मुरगळलाच नव्हता."

त्यांनी पिठानं भरलेल्या बोटांवर काहीतरी मोजलं. "पाच सुया चुकल्या," म्हणाले. मग हात उचलला. मला वाटलं, आता बसते थोबाडीत, आणि मी चेहरा पुढे केला. त्यांनी तो हात माझ्या खांद्यावर ठेवला, आधाराला.

भाड्याच्या जीपमधून तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. मग विचारलं, "सूज कधीपासून?"

"बुधवारपासनं," आण्णा म्हणाले.

"मग बुधवारीच का नाही आणलं? ताप झडपेवर उतरलाय. या आजारात एकेक दिवस महत्त्वाचा असतो."

"बुधवारी कुनाला ठावं हुतं, डाक्टर? आमी मुरगळलाय म्हनून हळद लावत बसलो. ह्या सरांना आज समजलं, तसं पळत आलं, म्हनून तरी आनली."

खाटेवरून हेमानं माझ्याकडे बघितलं. तापानं डोळे लाल झालेले. मी वाट बघितली. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

ती वाचली. अडीच महिन्यांनी शाळेत आली, पायरीवर बसायला. झडप मात्र आधीपेक्षा जास्त खराब झाली आणि आठ वर्षांनी ती बदलावी लागली, छाती उघडून. दोन दिवस आधी नेलं असतं तर ही शस्त्रक्रिया टळली असती का, हे मी दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाला, सांगता येत नाही. दुसराही तेच म्हणाला. माझी त्यातूनही सुटका झाली नाही.

आण्णांनी माझी तक्रार कुठेच केली नाही. "खोटं लिवलं त्ये लिवलं," असं ते म्हणत, "पर सवताच्या तोंडानं येऊन सांगितलं. नोकरीवर पानी सोडायची तयारी ठिवून आला मानूस. आजकाल असं कोन करतंय?" माझी नोकरी त्या दिवशी साडेतीनला पक्की झाली होती, हे त्यांना कधी कळलं नाही. बायको महिन्याभरात नांदायला आली. मी त्याच शाळेत आणखी सव्वीस वर्षं काढली.

ऑपरेशन होऊन हेमा घरी आली तेव्हा आण्णांनी पाव्हणेरावळे जेवायला बोलावले. मलाही. आण्णा थकले होते, गिरणी भावाचा पोरगा चालवत होता. हेमा एकवीस वर्षांची, ओढणीच्या वर टाक्यांची रेघ दिसत होती. मी तिला अंगणात एकटी गाठली.

"हेमा, आज आण्णांना सांगून टाकतो. बुधवारचं."

"कशाला?"

"आठ वर्षं झाली. मला सोसवत नाही."

"तुमास्नी बरं वाटंल, सर," ती शांतपणे म्हणाली. "आण्णांना काय वाटंल? त्या दोन दिसांत ते माझ्या पायाला हळद चोळत हुते."

मी मान खाली घातली.

"चला, पानं वाढल्यात," ती म्हणाली आणि आत गेली.

मी पंगतीत बसलो. आण्णा स्वतः तुपाची वाटी घेऊन आले, माझ्या भातावर धार धरली, आणि शेजारच्या पाव्हण्याला म्हणाले, "ह्ये रणपिसे सर. ह्यांनी येळेवर येऊन सांगितलं, म्हनून आज पोरगी दिसतीया."

मी पुरे म्हणालो, तरी ते वाढत राहिले.